कोपऱ्यांचा वैरी

देवानं जग घडवलं तेव्हा त्यात कोपरे ठेवायची काही एक गरज नव्हती, असं मनापासून मानणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उचगावात त्यांचं सीट कव्हर शिवायचं दुकान आहे. जीप आणा, ट्रॅक्टर आणा, संध्याकाळपर्यंत त्याची सीट मऊ होऊन परत जाते. कुणाच्याही घरी गेले की खुर्चीत बसण्याआधी ते ती दोन बोटांनी दाबून बघतात आणि घरच्यांना ऐकू जाईल इतपत हळहळतात. आमच्या लग्नात बोहल्यावरचा पाटही त्यांनी असाच दाबून बघितला होता, असं बायको सांगते. मला ते खोटं वाटत नाही.

अशा माणसाला नात झाली, मग काय विचारता! मुलगी पुण्याला नोकरीत. तिची रजा संपली तेव्हा पोर आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. जावई पाळणाघराच्या बाजूचे, मुलीचं मन माहेराकडे. शेवटी असं ठरलं की दोन महिने पोर उचगावात ठेवून बघायची. सगळं नीट वाटलं तर शाळेत जाईपर्यंत तिथंच, नाहीतर पाळणाघर. साडूंनी हे दोन महिने बोर्डाच्या परीक्षेसारखे अंगावर घेतले.

पहिल्याच दिवशी दुकान बंद ठेवून, कापडावर खुणा करायचा खडू हातात घेऊन ते घरभर गुडघ्यांवर रांगले. मी सहज गेलो होतो, तर मलाही खाली बसवलं. "ती जितनं बगती तितनंच बगाय पायजे, पावणं," म्हणाले. चोपन्नाव्या वर्षी मी साडूंच्या मागोमाग रांगलो आणि जेवणाच्या टेबलाखाली टाळकं आपटून घेतलं. त्यांना आनंद झाला. माझ्या डोक्याची चौकशी न करता त्यांनी त्या जागी खडूची फुली मारली.

पुढचे चार दिवस दाभण थांबला नाही. दिवाणाच्या कडा, टेबलाचे पाय, कपाटाची दारं, उंबरा, झाडून सगळ्याला फोम आणि वर रेक्झिन. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत फोमची गादी. गॅसच्या सिलिंडरला तर मरून रंगाचं, पांढऱ्या काठाचं कव्हर शिवलं. एखाद्या नवरदेवासारखा तो स्वयंपाकघरात उभा असायचा. औषधं माळ्यावर गेली, बादल्या पालथ्या झाल्या. विजेची खालची बटणं अशी बंद केली की अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, मोबाईल चार्ज करायला शेजारी जावं लागे. पाटा-वरवंट्याला कव्हर चढलं त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, आता मलाबी शिवून टाका एकदा.

दोन महिन्यांत पोरीच्या अंगाला ओरखडा नाही. खाऊन पिऊन गुटगुटीत झाली, हसायची, घरभर रांगायची. फक्त उभी राहायचं नाव घेईना. जावयांनी फोनवर सहज म्हणावं तसं म्हटलं, की पाळणाघरात हिच्याएवढी पोरं धरून धरून चालतात. अक्कांनी तेल चोळून चोळून हात दुखवून घेतले. शेवटी डॉक्टरांना दाखवलं. पोर ठणठणीत आहे म्हणाले, आणि विचारलं, घरात तिला धरून उभं राहायला काय आहे? घरात धरण्याजोगी एक कड शिल्लक नव्हती. पोरीनं कशावरही हात टाकला की तो रेक्झिनवरून घसरायचा.

दुसऱ्या दिवशी मुलगी येणार होती, पोर ठेवायची की न्यायची ते ठरवायला. साडूंनी मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती आणि ते ब्लेड घेऊन टीपॉयची शिवण उसवत बसले होते. आपल्याच हातची शिवण उसवताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. लाकडाची उघडी कड दिसली, पोर रांगत आली, दोन्ही हातांनी कड पकडली आणि उभी राहिली. आम्ही तिघं बघत होतो. तिनं आजोबांकडं बघून हात सोडले आणि धाडकन कपाळावर आपटली.

लिंबाएवढं टेंगूळ आलं. अक्का थंड चमचा दाबत होत्या, पोर टाहो फोडत होती. आपल्याकडं पोर पडलं की भुईला दोन चापट्या मारून समजूत घालतात. साडूंनी भुईला हाणायला सुरुवात केली ती थांबेचनात. तळहात लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पोर रडायची थांबून त्यांच्याकडं बघत राहिली. मग टीपॉयकडं सरकली आणि पुन्हा उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलीला पहिल्यांदा दिसलं ते टेंगूळच. साडू नापास झालेल्या पोरासारखे दाराशी उभे. तिनं टेंगळावरून हात फिरवला, कड धरून उभ्या राहिलेल्या लेकीकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आप्पा, ऱ्हाऊ दे तिला हितंच."

तीन वर्षं राहिली. यंदा जूनमध्ये शाळेसाठी पुण्याला गेली. परवा दुकानात गेलो तर साडू एक सीट शिवत होते. नातीचं विचारलं, तर म्हणाले, शाळा चांगली हाय, मोठं पटांगण हाय. थोडा वेळ टाके घातले, मग दाभण खाली ठेवला.

"पोरगी हाय, पडंल की. पर पडली तर तितं भुईला हाणायला कोण हाय, पावणं?"