मी राग सोडला त्याची गोष्ट

मी राग सोडला आणि त्याच आठवड्यात माझा संसार मोडायची वेळ आली.

आधी माझ्या रागाबद्दल सांगते. राजूरला आमच्या घरात मी सकाळी तोंड उघडलं की कोपऱ्यावरच्या चहावाल्याला कळतं, आज मास्तरांच्या पोरीचं काय बिनसलंय. (मास्तर म्हणजे माझे वडील. ते राहतात पिंपळगाव रेणुकाईला, पण माझ्या आवाजाचं श्रेय लोक अजून त्यांनाच देतात!) तर मध्यंतरी बचत गटाच्या मेळाव्यात एक बाई व्याख्यानाला आल्या. म्हणाल्या, "ज्याने स्वतःला जिंकलं त्याने जग जिंकलं. राग आला की घोटभर पाणी तोंडात धरा आणि हसा." मला पटलं. जग काही नको होतं, पण घरात जरा शोभा राहील म्हटलं.

पहिली परीक्षा आमच्या ह्यांनीच घेतली. ह्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. घरी आले आणि काळ्याकुट्ट ऑइलचे हात माझ्या नव्या टॉवेलला पुसले! मी धावत माठापाशी गेले, तोंड भरून पाणी घेतलं, गाल फुगवून ह्यांच्याकडे बघून हसले.

"काय झालं? दाढ दुखायली का?"

मी नाही म्हणून मान हलवली. हसतच राहिले. हे दोन पावलं मागं सरकले. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी टॉवेल स्वतः धुतला. मला वाटलं, जमलं की!

मग जेवताना सासूबाई म्हणाल्या, "भाजी अळणी झाली."

एरवी इथून आमची पुढची दुपार रंगते. पण मी गोड आवाजात म्हणाले, "तुमचंच बराबर हाय, आत्याबाई."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी भाजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ताट हळूच ह्यांच्यापुढं सरकवलं. "भास्कर, आधी तू खा."

दोन-तीन दिवसांत घराची पार रया गेली. सासूबाई मला उठून चहा करून द्यायला लागल्या. शेजारच्या रझियाभाभी भिंतीवरून त्यांना म्हणाल्या, "बहू का आवाजच नहीं आता! मेरा तो दिल घबरा रा." सासूबाईंनी ह्यांना बाजूला घेतलं आणि (त्यांना वाटतं त्या कुजबुजतात) सांगितलं, "तिनं माहेरी जायचं ठरवलंय. जाणारं माणूसच असं गोड बोलतं."

ह्यांनी घाबरून माझ्या मोठ्या भावाला फोन लावला. "दादा, सुनंदा काहीच बोलून न्हाई राह्यली."

दादाला ऐकू आलं ते एवढंच की बहिणीची वाचा गेली. त्यानं फोन ठेवला, जीप काढली आणि काकांना, मामाला आणि गावातल्या दोन-चार वडीलधाऱ्यांना घालून थेट राजूर गाठलं.

मी अंगण झाडत होते. दारात जीप थांबली आणि न कळवता, न सांगता एवढी माणसं उतरली! घरात पसारा, पीठ मळलेलं नाही, माझ्या अंगावर जुना गाऊन! असा संताप आला म्हणून सांगू... पळत जाऊन तोंडात पाणी भरलं आणि हसत दारात उभी राहिले.

दादानं माझे गाल बघितले. त्याचा चेहराच उतरला.

"तोंड सुजलंय हिचं! मारलं का हिला?"

मी हसत जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवली.

"बघा! भेवानं हसून राह्यली!"

हे नुकतेच दुकानातून आले होते, त्यानं ह्यांची कॉलर धरली. "दाजी, तुमचा मान ठेवून विचारतो, काय केलं माझ्या बहिणीला?" मान ठेवला होता, फक्त मानगूट सोडलं नव्हतं. आता मात्र मी घाबरले. पाणी एकदम गिळायला गेले, ते नको तिकडं गेलं, ठसका लागला, डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडून राह्यली पोरगी!" मामा गरजले. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. माझा ठसका काही थांबेना.

तेवढ्यात ह्यांनी कॉलर सोडवून घेतली. चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाले, "दादा, तिला जायचंच असंल तर मी अडवणार न्हाई." आणि आत जाऊन त्यांनी माझी बॅग काढली, कपाट उघडलं आणि त्याच ऑइलच्या हातांनी माझा लग्नातला शालू गोळा करून बॅगेत कोंबला!

"अहोऽऽऽ! तो शालू हाय का मोटार पुसायचं चिंधूक? हात बघा तुमचे! अक्कल दुकानावर ठेवून आलात का?"

मग सासूबाई दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "बोलली गं बाई! बोलली!" आणि माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. हे शालू पोटाशी धरून खाली बसले आणि हसायला लागले.

मी थांबते का! "आन दादा तू? फोन करून येता येत न्हाई? मंग एवढ्या माणसांचा स्वयंपाक तू करतो का?"

दादा वडीलधाऱ्यांकडं वळला. "चला, बिलकुल ठणठणीत हाय ती."

मी राग जिंकला वगैरे काही नव्हता. पाण्याबरोबर तोंडात धरून ठेवला होता, एवढंच.

सगळे जेवून गेले. हे पाटावर बसून होते. हळूच म्हणाले, "मला खरंच वाटलं, तू चालली."

"जायचं असतं तर शालूची घडी मी स्वतः घातली असती," मी म्हणाले आणि त्यांच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

लोक मनःशांतीसाठी डोंगर चढतात. आमच्या घरात मी आवाज चढवला की ती आपोआप येते.