उरलेल्या चार वायरी आणि शैलजाताई

प्रा. शैलजाताईंची नि माझी पहिली गाठ पडली ती आळेफाट्याला, माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात. जुन्नरच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या बाई, म्हणून मी खुर्ची पुसून दिली. त्या मात्र स्टुलावरच टेकल्या. "मामा, कॉलेजात संगणकांच्या वायरी ओढायला हुशार हात पाहिजेत."

"ताई, माझ्याकडं कसलं सर्टिफिकेट न्हाई. समदं मोडक्या रेडिओंनी शिकवलंय."

"मग गुरू चांगले भेटले की!" ताई म्हणाल्या.

त्याच ताईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. संगणकांचं जाळं जसं विणावं, तशा त्यातल्या निरोपांच्या वाटा ठरतात, हा त्यांच्या जन्मभराच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी त्यांनी सोळा जुने संगणक चार ओळींत मांडले. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याशी जोडलेला. निरोप हातोहात पुढं जायचा. नियम साधा: आधी आडवं चालायचं, मग उभं.

एकदा पुण्याहून तपासणीला साहेब मंडळी येणार होती. प्रयोग जमला तर प्रयोगशाळा जुन्नरला राहणार, नाहीतर उचलून पुण्याला जाणार. तळेघरच्या डोंगरातून शिकायला येणाऱ्या मुली काही तिच्यामागं पुण्याला जाऊ शकणार नव्हत्या. नेमक्या त्या सकाळी माझ्या हातात चार वायरी उरल्या. उरलेलं वाया घालवायचं नाही, ही आमच्या घरची खोड. प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक मी त्याच ओळीतल्या पहिल्या संगणकाला जोडून टाकलं. म्हटलं, निरोपांना जवळची वाट होईल.

झालं! निरोप जवळच्या वाटेला लागले आणि सगळं ठप्प.

"ताई, लई घोळ झाला. मीच टोकं जोडली."

ताई खळखळून हसल्या. "मामा, तुम्ही रस्ता वाढवून चक्काजाम केलात!" मग समजावलं: उसाच्या ट्रॉल्या गोल वाटेवर एकीमागं एक अडकल्या, तर पुढची हलल्याशिवाय मागचीला जागा नाही; आणि गोलात सगळ्यांत पुढची अशी कोणी नसतेच.

मी वायरी उपटायला धावलो, तोवर साहेब दारात. ताई म्हणाल्या, "राहू द्या." त्यांनी आधी तुंबलेलं जाळंच दाखवलं. मग मला पुढं बोलावून माझ्याच हातानं वायरी काढवल्या, संगणक नव्यानं सुरू केले, आणि निरोप धावू लागले.

"ही जास्तीची जोडणी कुणाची?" साहेबांनी विचारलं. मी खाली मान घातली.

"आमच्या मामांची. जाळं बदललं की वाटेचा नियमही बदलावा लागतो. फळ्यावर मला हे तासभर सांगावं लागलं असतं."

प्रयोगशाळा जुन्नरला राहिली. पुढं ताईंनी प्रत्येक संगणकात निरोपांच्या दोन रांगा केल्या. टोकं जोडणारी माझी वायर ओलांडली की निरोपानं दुसऱ्या रांगेत जायचं. गोल सुटला, आणि माझ्या वायरी परत लागल्या. चुकलेल्या माणसाला चारचौघांत उभं करून त्याची मान वर करणं, हे ताईंनाच जमतं.

निवृत्तीनंतर ताई दर शनिवारी तळेघरच्या मुलींना शिकवायला जाणार आहेत. तिकडं बस क्वचित, चालणं फार. म्हणून माझं भीमाशंकराला एवढंच मागणं: ताईंना शंभरी दे, आणि शंभरीपर्यंत गुडघे धडधाकट ठेव. पिशवी धरायला मी आहेच.