दुकानातच ठेवलेलं लग्न

लग्नाचे फोटो काढून काढून माझी कंबर गेली, पण खरा जीव खाल्ला तो फोटो सांभाळण्यानं. काढणं एका दिवसाचं, सांभाळणं जन्माचं. विसरवाडीला हायवेच्या कडेला आमचा स्टुडिओ. ट्रकची धूळ दिवसभर आत येते आणि कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. त्यात जुन्या लग्नांची एक हार्डडिस्क कटकट वाजायला लागली. बायको म्हणाली, आता काहीतरी करा, लोकांच्या शिव्या खायला मी बसणार नाही.

कॉम्प्युटर तीच बघते. मी कॅमेऱ्यामागे, ती पडद्यापुढे. करण्यासारखं दोनच होतं. एक तर फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर विकत घेऊन आपल्याच कॉम्प्युटरवर बसवायचं. मग धूळही आपली आणि डिस्कही आपली. नाहीतर नेटवरचं घ्यायचं. फोटो कंपनीकडे, आपण महिन्याला भाडं भरायचं. सुरतेहून एक एजंट आला. म्हणाला, पाहुण्यांना लिंक द्या, पाहुण्यानं चेहऱ्याचा फोटो टाकला की त्याचे सगळे फोटो आपोआप त्याच्यापुढं. बायको हरखली. मी म्हणालो, अगं, इथं लाईट जाते, नेट जातं, आणि आपली वस्तू परक्याच्या घरी ठेवून वर आपणच भाडं भरायचं? ती म्हणाली, डिस्क बसली की तुमचं शहाणपण घेऊन बसा. महिनाभर हेच. शेवटी मला कंटाळा आला. कर बाई, म्हटलं, तुझ्या मनासारखं.

तिनं नवी-जुनी सगळी लग्नं चढवली, आमच्या नेहमीच्या पद्धतीनं. आमच्याकडे गिऱ्हाईक तारीख सांगत नाही. गाव सांगतं आणि घर सांगतं. म्हणून आमचे फोटोही गाव आणि घर अशा खणांत. डिस्कवर त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं.

धानोऱ्याच्या एका घरात मुलीचा पाट होता, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. तिच्या पहिल्या लग्नाचे फोटोही मीच काढले होते. तो नवरा हायवेवरच गाडीखाली गेला. दुसरं लग्न घरातल्या घरात झालं, बँड नाही की काही नाही. बायकोनं हेही फोटो त्याच घराच्या खणात, पहिल्या लग्नाशेजारी टाकले आणि नव्या सासरी लिंक पाठवली. तिकडे नणंदेनं हौसेनं वहिनीचा चेहरा टाकला. पहिल्या लग्नाची आख्खी वरात मोबाईलवर उतरली. हळद, बाशिंग बांधलेला तो, त्याच्या शेजारी लाजलेली ही. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मोबाईल या हातातून त्या हातात.

दोन दिवसांनी सासू सुनेला घेऊन दुकानात आली. मला वाटलं, आता भांडण. ती भांडली नाही, त्यानंच मला जास्त लाज वाटली. तिनं सांगितलं, पोरगी विधवा आहे हे जाणूनच केली, आमची तक्रार नाही. पण माझा मुलगा तेव्हापासून नीट जेवत नाही, तिच्याशी धड बोलत नाही. हे सगळं पुसा, म्हणजे त्यांचा संसार मार्गी लागेल. बायकोनं तिच्यासमोर एकेक करून नेटवरचं सगळं काढलं. सासूनं विचारलं, गेलं ना सगळं? मी म्हणालो, नेटवरून गेलं. दुकानातल्या डिस्कवर मात्र होतंच. सासू बस बघायला रस्त्यावर गेली.

सून मात्र काउंटरपाशी उभीच राहिली. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती. हळूच म्हणाली, "भाऊ, नेटवरथून काढं ते बरं करं. पन तुमनाजोडे शे ते पुसू नका. मन्हाजोडे त्यासना एक बी फोटो नही शे." पहिल्या नवऱ्याचा एकही फोटो तिच्याजवळ उरला नव्हता; अल्बम पहिल्या सासरी राहिला होता, मोबाईलही त्यांनीच ठेवून घेतला होता. बायकोनं विचारलं, बघतेस का आत्ता? तिनं मानेनंच नाही म्हटलं, पदर सारखा केला आणि बसकडे गेली. माणूस गेला तो गेला, आणि त्याचा चेहरा ठेवायला तिला आमच्या धुळीच्या दुकानाशिवाय जागा नसावी, याला काय म्हणावं?

बायकोनं त्याच दिवशी एजंटला नको म्हणून कळवलं. तो फोनवर फायदे समजावत बसला. हिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आम्ही दुसरं सॉफ्टवेअर आणून कॉम्प्युटरवर बसवलं, नवी डिस्क आणली, कटकट्या डिस्कवरचं सगळं रडतखडत तिच्यावर उतरवलं. आता फोटो आमच्याकडेच आहेत आणि कटकटही आमच्याचकडे. फडकं घेऊन धूळ पुसा, लाईट गेली की बॅटरी बघा.

त्या पोरीचं बरं चाललंय म्हणतात. ती फोटो बघायला कधी आली नाही, येईल असंही वाटत नाही. आणि मी आता खरंच दमलोय. हल्ली सगळे मोबाईलवरच फोटो काढतात, गाळ्याला भाडेकरूही तयार आहे. शटर ओढावं, कॉम्प्युटर भंगारात घालावा आणि घरी पडून राहावं, असं मी दर महिन्याला बोलून दाखवतो. बायको भांडत नाही, डोळेही वर करत नाही. एवढंच विचारते, "मंग त्या पोरना नवराले कोठे ठेवसूत?"