हिरव्या कागदावरचा पाव

तुम्हाला कधी डॉक्टरांनी पाव लिहून दिला आहे का?

थट्टा करत नाही. खोकल्याचं औषध लिहून देतात तसा, छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी. माझ्या आईला दिला. इथे जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. 'ग्लूटेन नसलेला पाव. रोज. आजन्म.' तो हिरवा कागद अजून आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकतो आहे. पाहुणे तो वाचून आधी हसतात, मग आईकडे बघून हसू आवरतात.

आईला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर चाल करून जातं. त्याला कणभरही पुरतं. आईचं पोट वर्षानुवर्षं फुगायचं, रक्तातलं लोह टिकायचं नाही, जिना चढताना ती मधेच थांबून पर्समध्ये किल्ली शोधल्यासारखं करायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. एक्कावन्नाव्या वर्षी कुणीतरी आतड्याचा तुकडा तपासला आणि आजाराचं नाव कळलं. डॉक्टर म्हणाले, यावर गोळी नाही. औषध एकच, आयुष्यभर ग्लूटेन बंद.

हे ऐकून आई रडली आणि मी पेटले.

मी पेटणारच. माझी अक्षरओळखच पत्रकांवर झाली. बाबा तरुणपणी पुण्यात ज्या ज्या चळवळीत होते, त्या सगळ्यांची पत्रकं आमच्या घरात गठ्ठ्यांनी असायची. मी आठ वर्षांची असताना बाबांना इथे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा कुकरच्या बरोबरीने पत्रकांचं एक खोकंही विमानात चढलं. बाबांनी मला एकच नियम शिकवला होता. पत्रक हातात आलं की आधी तळाची बारीक ओळ वाचायची. कुणी काढलं, कुठे छापलं. वरचं मोठ्या अक्षरातलं नंतर.

तर माझं म्हणणं साधं होतं. या आजाराचं एकमेव औषध जर जेवण असेल, तर ते जेवण लिहून द्या आणि आजारपणाचा विमा देणाऱ्या क्रांकेनकासेला ते पुरवू दे. मी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

"कासे हे देत नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही लिहा तर खरं."

"अहो, पण पाव कसा लिहिणार?"

"इतर औषधं लिहिता तसाच."

बाहेर माणसं खोकत बसली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हिरवा कागद ओढला. हिरवा कागद म्हणजे डॉक्टरांची नुसती शिफारस, कासेला बंधनकारक नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण शिक्का तर होता!

तो घेऊन आम्ही आपोटेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी तो दोनदा वाचला. हसल्या नाहीत. कागदावर शिक्का असेल तर इथे कुणी हसत नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर 'पाव' असं टाइप करून पाहिलं.

"साठ्यात नाही," त्या म्हणाल्या. मग सवयीने विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?"

आई म्हणाली, "जेवणातच."

बाईंनी कागद परत दिला आणि इथल्या रिवाजाप्रमाणे रुमालांचं एक छोटं पाकीट भेट म्हणून पुढे सरकवलं. बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "पाव नाही, पण रडायची सोय केलीन."

कासेचं उत्तर आलं. पाव हा रोजच्या खाण्यातला पदार्थ आहे, सबब तो औषध नाही. मी त्यावर हरकत नोंदवणारं चार पानी पत्र लिहिलं. त्यात मी असंही लिहिलं होतं की आमच्या घरचा स्वयंपाक भात, भाकरी आणि फोडणीचा, मुळातच निर्दोष. गहू आमच्या ताटात घुसवला तो तुमच्या बेकऱ्यांनी. (बाबा पुण्याला रोज पोळीच खायचे, हे मी लिहिलं नाही.) उत्तरादाखल पुन्हा तेच वाक्य आलं आणि सोबत निरोगी आतड्यासाठी एक रंगीत पुस्तिका. मुखपृष्ठावर गव्हाचा जाडजूड पाव होता.

मग मी पत्रक काढलं. 'पाव हेच औषध!' पन्नास प्रती. डॉक्टरांकडे रुग्ण थांबतात त्या खोलीत मासिकांच्या मधे एकेक सारली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या स्वागतिकेचा फोन. मला वाटलं, चळवळ पेटली. त्या म्हणाल्या, "मजकुराबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खाली जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पत्ता नाही. तसं वाटता येत नाही."

बाबा पोट धरून हसले. "तळाची ओळ विसरलीस!"

बाहेर हरले, म्हणून मी घरात क्रांती केली. टोस्टर गेला. पोळपाट-लाटणं गेलं, कारण लाकडाच्या चिरांत कणीक राहते. लाकडी उलथणी, जुनी चाळण, कणकेचा डबा, सगळं गेलं. आईच्या भांड्यांवर लाल टिकल्या चिकटवल्या. प्रत्येक पाकिटाची मागची बाजू भिंग घेऊन वाचली. आणि गव्हाशिवाय ज्यांचं चालत नव्हतं, त्या बाबांना केलरमध्ये पाठवलं. केलर म्हणजे इमारतीच्या तळघरातली आमची जाळीची खोली. तिथे हिवाळी टायर, बाबांची सायकल आणि ते पत्रकांचं खोकं असतं.

"मी माझ्या घरातून हद्दपार?" बाबा विकतची पोळी आणि भाजीचा डबा हातात धरून दारात उभे.

"पोळीपुरते," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. आयुष्यभर मोर्चे काढले आणि शेवटी पोरीनेच आत टाकलं."

आई आतून म्हणाली, "अहो, खाली जातच आहात तर बिओम्युल पण घेऊन जा."

मग बाबा रोज संध्याकाळी एका हातात बिओम्युल, म्हणजे ओला कचरा, आणि एका हातात जेवण घेऊन खाली जायचे आणि टायरांच्या चळतीवर बसून जेवायचे. एकदा तळमजल्यावरच्या आजोबांनी त्यांना तसं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते आईला हळूच म्हणाले, लग्नात असे दिवस येतात, धीर धरा.

केलरमध्ये आणखी एक हद्दपार होता. हिंग. त्याची गोष्ट जुनी. आम्ही इथे आलो त्या वर्षी मावशीने पुण्याहून हिंगाची मोठी डबी पाठवली. आईने ती उघडली आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅस गळतोय म्हणून फोन केला. दोन माणसं हुंगणारं यंत्र घेऊन आली. यंत्र गप्प राहिलं, पण माणसं खोकली. तेव्हापासून हिंगाची डबी बरणीत, बरणी बिस्किटाच्या डब्यात आणि तो डबा केलरमध्ये. वर स्वयंपाकघरात फक्त आठवडाभराचा हिंग, बाळाच्या खाण्याच्या रिकाम्या बाटलीत. दर वर्षी पुण्याहून कुणी ना कुणी नवी डबी आणायचं आणि ती परस्पर खाली जायची.

क्रांतीच्या दिवशी मी त्या बाटलीपाशीही आले होते. मोहरी, जिरं, हळद, हिंग. यात गहू कुठून येणार? ही तर आपली फोडणी. मी पुढे गेले.

वर्ष झालं. आईने एक कण गहू खाल्ला नाही. शेजारच्या मुलीच्या लग्नात ती स्वतःचा डबा घेऊन गेली आणि केकसमोर हात मागे बांधून उभी राहिली. तरी तिच्या रक्तातला या आजाराच्या प्रतिपिंडांचा आकडा खाली येईना. पोट फुगतच होतं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि मऊ आवाजात विचारलं, "अधूनमधून काही तोंडात टाकता का? एखादा खारा ब्रेत्झेल पाव? प्रामाणिकपणे सांगा. माणूस आहे, होतं."

"नाही," आई म्हणाली.

"आल्झो, तर मग अजून तीन महिने बघू. तरीही आकडा उतरला नाही, तर पुन्हा आतडं तपासायचं आणि मग कॉर्टिझोनचा विचार करावा लागेल."

आईची हाडं तोवर तपासून झाली होती. ती ठिसूळ होती, आणि कॉर्टिझोनचं औषध हाडं आणखी झिजवतं हे तिला ठाऊक होतं. पण बसमध्ये ती त्याबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "त्यांना वाटतं मी खोटं बोलते."

मी काय केलं ते लिहायला हवं. पत्रकं काढणाऱ्या, सरळ बाजू घेणाऱ्या मी, एका दुपारी आई बाल्कनीत कपडे वाळत घालत असताना तिची पर्स उघडली. तळाशी चुरा आहे का, ते बोटाने पाहिलं. आतल्या कप्प्यात आपोटेकचं ते रुमालांचं पाकीट होतं. अर्धं संपलेलं. दुसरं काही नव्हतं.

मी पर्स बंद केली. ती बाल्कनीच्या दारात उभी होती, हातात बाबांचा ओला शर्ट.

"सापडलं?" तिने विचारलं.

मी पर्स जागेवर ठेवली.

कासेने पाव दिला नाही, पण आहाराच्या सल्ल्याला पैसे दिले. सल्लागार बाईंनी चौदा दिवस खाल्लेला प्रत्येक घास लिहून आणायला सांगितला. आईने तो सुवाच्य अक्षरात लिहिला. भात, वरण, ज्वारीची भाकरी, पालेभाजी. बाईंनी प्रत्येक ओळीवर खूण केली. निर्दोष, निर्दोष, निर्दोष. आईचं पोट मात्र त्या चौदाही दिवस दुखत होतं, आणि पोट दुखलं की आमच्याकडे जे करतात ते ती रोज दोनदा करत होती: वाटीभर ताकात दोन चिमट्या हिंग. ते तिने वहीत लिहिलं नव्हतं. मीही आठवण केली नाही. ते खाणं नव्हतंच. ते औषध होतं.

पुढच्या रविवारी बाबा जेवणाचा डबा घेऊन खाली निघाले. आई सोफ्यावर पोटाशी पाय घेऊन पडली होती.

"अहो, हिंग संपलाय. येताना भरून आणा."

बाबा खाली गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. केलरमध्ये फोन लागत नाही. मग पायऱ्यांवर धावल्याचा आवाज आला. गुडघे दुखतात म्हणून लिफ्टने येणारे बाबा धावत आले होते. एका हातात अर्धी पोळी, दुसऱ्या हातात हिंगाची डबी.

"तू हे वाचलंस?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही पोळी घेऊन वर आलात!"

"पोळी गेली खड्ड्यात. तळाची ओळ वाच!"

मी वाचली. अक्षरं मोहरीएवढी होती. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. याच क्रमाने.

बाबांचं असं झालं होतं की जेवताना वाचायला काही नव्हतं. खोक्यातली पत्रकं त्यांची पाठ होती. भरायला हिंगाची डबी काढली, हातात छापील काहीतरी आलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने नजर आधी तळाशी गेली. शुद्ध हिंग फार उग्र आणि चिकट, त्याची पूड व्हावी म्हणून पिठात मिसळतात, हे आम्ही नंतर वाचलं.

दारात धापा टाकत उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे आणि डबीकडे आई आळीपाळीने बघत राहिली. मग उठून बसली.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

"आई, पर्सचं—"

"ते राहू दे. आधी ह्यांना पोळीसकट खाली पाठव."

सोमवारी आम्ही डबी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मी म्हटलं, उघडू नका. त्यांनी उघडली. स्वागतिका धावत आल्या आणि त्यांनी सगळ्या खिडक्या उघडून गॅसचा मुख्य नळ कुठे आहे ते विचारलं. डॉक्टरांनी डोळे पुसले, आईकडे वळले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी तुमच्यावर संशय घ्यायला नको होता." एवढ्या सरळपणे माफी मागणं मला त्या वर्षात एकदाही जमलं नव्हतं. घरी आल्यावर मी मागितली.

हिंग बंद झाला. आईच्या रक्तातला आकडा त्या तीन महिन्यांत हलला, पुढच्या तपासणीला आणखी उतरला. कॉर्टिझोनचं नाव निघेनासं झालं. आता ती जिन्यात थांबत नाही. मावशी तांदळाच्या पिठातला हिंग शोधून पाठवते आणि पाठवण्याआधी फोनवर तळाची ओळ वाचून दाखवते. बाबा अजून केलरमध्येच जेवतात. आता ते स्वतःहून जातात. तळमजल्यावरचे आजोबाही कधीकधी त्यांच्यासोबत टायरवर बसतात, लग्नाविषयी बोलायला.

कासे मात्र अजून म्हणते, पाव हे खाणं आहे, औषध नाही. हे चूकच आहे आणि मी पुन्हा लिहिणार आहे. पण हिंग हे औषध आहे, खाणं नाही, असं आम्हीही वर्षभर म्हणत होतो, आणि ते खणखणीत मराठीत. मी इथल्या प्रत्येक पाकिटावर संशय घेतला, माझ्या आईवर घेतला, फक्त आपल्या डबीवर घेतला नाही.

म्हणून एक मागणं आहे. हे वाचून झालं की उठा आणि तुमच्या हिंगाच्या डबीवरची तळाची ओळ मोठ्याने वाचा. हिंग बरणीत ओतून मूळ डबी टाकली असेल, तर दुकानात जाऊन तीच डबी हातात घ्या आणि वाचा. आणि तुमच्या ओळखीत कुणी गव्हाचं काटेकोर पथ्य पाळूनही बरं होत नसेल, तर त्यांना काही विचारण्याआधी ती ओळ फोनवर वाचून दाखवा. आजच.