चिंधीच्या केसांना कलर

कर्जतच्या बाजारात चिंधीची जागा ठरलेली आहे. किशोरच्या कांद्या-बटाट्याच्या ढिगाला लागून ती गोणपाट अंथरते आणि त्यावर आपले ढीग मांडते. शिकेकाई, रिठे, आवळकाठी आणि माक्याची हिरवट काळी पूड. कडावच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी तिची ठाकूरवाडी. शिकेकाईच्या शेंगा ती स्वतः रानातून आणते, माका भाताच्या बांधावरून उपटते, सावलीला सुकवते आणि कुटून वस्त्रगाळ करते. मालात काडी सापडेल, खडा सापडेल, पण लबाडी सापडणार नाही, असा तिचा लौकिक. हा लौकिक तिने कुठे सांगितलेला नाही, गिऱ्हाइकांनीच पसरवलेला आहे.

आता गंमत अशी, की केसांचा माल विकणाऱ्या या बाईचे स्वतःचे केस पांढरेफटक. थोरला मनोज झाला तेव्हापासूनच पिकायला लागले आणि धाकटी रूपाली चालायला लागेपर्यंत डोक्यावर काळा केस शोधावा लागायचा. मग बाजारात कोणीतरी नवखी बाई ढिगापाशी बसायची, माक्याची पूड चिमटीत धरायची आणि चिंधीच्या डोक्याकडे बघून हसायची.

"मावशी, तुमचेच केस पांढरे आणि आम्हाला माका विकता?"

"माजी पूड केस धुवायला हाय बाई. वय धुवायला नाय."

बाई हसायची आणि पूड घेऊन जायची. हे उत्तर रूपालीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की तिला ते पाठ झालं होतं.

रूपाली शिळफाट्याला एका कटलरीच्या दुकानात कामाला आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, पावडरी आणि मागच्या फळीवर केसांच्या कलरचे बॉक्स. बायका यायच्या, बॉक्स उलटेपालटे करायच्या आणि शेवटी रूपालीलाच विचारायच्या, यातला कोणता गं? सांगता सांगता ती त्यातली जाणकार झाली. पातळ कलर कपाळावर ओघळतो आणि कानाला डाग पडतात, जेलचा मात्र लावला तिथे बसून राहतो, म्हणून घरच्या घरी लावणारीला जेल बरा, हे तिला अनुभवाने कळलं होतं. ओळखीच्या दोघी-तिघींना तिने घरी जाऊन लावूनही दिला होता. हात हलका होता तिचा. पण नाव कुठे होतं? दुकानातली पोरगी, एवढीच तिची ओळख. आपल्याला कोणीतरी मुद्दाम, नाव घेऊन बोलवावं, असं तिला फार वाटायचं. ती ते कोणाला बोलून दाखवत नसे.

मनोजचं लग्न ठरलं आणि एके दिवशी भाकऱ्या थापता थापता चिंधी सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "रूपाले, नवरदेवाची आई म्हणून मी मांडवात अशी पांढरी डोई घेऊन फिरू का गं?"

रूपालीने चुलीपुढची काटकी हातातच धरली. इतकी वर्षं ही बाई केसांच्या बाबतीत दगड होती!

"मलाबी वाटतं कवातरी," चिंधी खाली मान घालून म्हणाली. "काय चूक हाय का त्यात?"

चूक कसली! रूपालीला उडी मारावीशी वाटली. दुसऱ्याच दिवशी तिने आईला शिळफाट्याला दुकानात नेलं आणि फळीवरचे बॉक्स तिच्यापुढे मांडले. चिंधीने एकाला हात लावला. त्यावर हिरवं पान छापलेलं होतं. तिने पान ओळखलं.

"माका हाय की यात!"

"हाय, पण थोडा. काळं करायचं काम दुसरं औषध करतं. पानाचं चित्र बघून भुलायचं नाय, मागं बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते वाचायचं. आणि हर्बल असला तरी आधी कानामागं थेंब लावून दोन दिवस बघायचं. खाज आली, लाल झालं, तर नाय लावायचा."

"कोळशासारखा काळा नको हां. लोकं हसतील."

रूपालीने गडद तपकिरी निवडला. उन्हात काळा वाटेल, सावलीत मऊ दिसेल. कानामागे थेंब लावला, दोन दिवस पाहिलं, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून येऊन लावू, असं सांगून रूपाली दुकानात गेली आणि इथेच घोळ झाला.

चिंधीला रिकामं बसवत नाही. पोरगी दमून येईल, आपण तेवढं कालवून ठेवू, असा विचार करून तिने दोन्ही पुड्या फोडल्या. एक जेलची, एक त्यात कालवायच्या औषधाची. कालवायचं कशात? आता मेंदी असो की माका, लोखंडात भिजल्याशिवाय काळा रंग उतरत नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक. तिने लोखंडी कढई घेतली, दोन्ही ओतलं, चांगलं घोटलं, वर थोडं चहाचं पाणीही घातलं आणि सकाळीच झाकून ठेवून दिलं. कोरड्या डोक्याला औषध नको म्हणून केसांना खोबरेल चोपडलं ते वेगळंच.

रूपाली आली आणि कढईवरचं झाकण काढून बघतच राहिली. आत फसफसून बसलेला, कडेला करपल्यासारखा दिसणारा चिखल होता.

"आये! हे काय केलंस? हे कालवलं की लगेच लावायचं असतं! आणि लोखंडात नाय, पिलाष्टिकच्या वाटीत! आणि तेल? तेलावर काय बसणार कलर, कपाळ?"

"पाकिटावर माक्याचं पान काढलंय ना? मंग माक्यागत करनार नाय तर काय चहागत करू?"

रूपालीला रागवायचं होतं, पण हसूच आलं. आईसुद्धा हसली आणि कढईतला चिखल उकिरड्यावर गेला. चिंधीच्या जिवाला मात्र लागलं. कुटण्या-भिजवण्यात तिचा हात वाडीत कोणी धरत नव्हता आणि आज तिने पाकीट नासवलं होतं. दुसरं पाकीट आलं तेव्हा ती मुकाट्याने बसली. सांगितलं तशी मान फिरवली, सांगितलं तशी वाकली.

केस धुतलेले, कोरडे. खांद्यावर जुनं लुगडं. कपाळाच्या कडेला, कानांवर रूपालीने बोटाने पुसट तेल फिरवलं, कातडीला डाग पडू नये म्हणून. हातमोजे चढवले, वाटीत दोन्ही समसमान कालवलं आणि भांगापासून सुरुवात करून बट बट वेगळी करत ती ब्रशने लावत गेली. कानाजवळचे, मानेवरचे, जिथे जिथे पांढरे चिवट होते तिथे दोनदा. जेल ओघळलं नाही, जिथे लावलं तिथेच चिकटलं. अर्ध्या तासाने नुसत्या पाण्याने धुतलं. पाणी निवळेपर्यंत. शिकेकाई लावायला निघालेला आईचा हात रूपालीने वरच्या वर धरला. "आज नाय. तुजी शिकेकाई आजच्या कलरला सोलून काढील."

केस वाळले. उन्हात चिंधी उभी राहिली तर रूपाली आपल्याच कामाकडे बघत राहिली. कुठे चट्टा नाही, कुठे पांढरी रेघ नाही. आईचा चेहरा तिने असा कधी पाहिलाच नव्हता. बाप, जैतू, बैलांना पाणी दाखवून आला आणि दारातच थबकला. "पावणी कोण आलीया?" असं त्याने विचारलं, ते थट्टेने की खरंच, ते अजून घरात कोणाला कळलेलं नाही. आपल्या मिशीलाही एकदा लावून दे, असं सांगायला मात्र तो विसरला नाही.

लग्न जांभळीच्या डहाळ्यांच्या मांडवात थाटात झालं. चिंधी नाचली, दमली, पुन्हा नाचली. विहीण तिला नवरदेवाची थोरली बहीण समजली, हे तर आठ दिवस वाडीला पुरलं.

खरी परीक्षा पुढे होती. लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराला रूपाली सुट्टी काढून आईबरोबर गेली. गोणपाट अंथरलं, ढीग लावले. पहिल्या आल्या विमलबाई. कर्जतच्याच, मुलगा-सून असलेल्या, वर्षानुवर्षं चिंधीकडून शिकेकाई नेणाऱ्या. मागे एका पावडरीच्या काळ्या कलरने त्यांच्या टाळूची आग झाली होती, तेव्हापासून त्यांनी कलरचं नाव सोडलं होतं. त्यांनी चिंधीकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खालीच ठेवली.

"अगं बाई चिंधे! हे काय गं? इतके काळे?"

चिंधीने तोंड उघडायच्या आत शेजारून किशोर ओरडला. किशोर मनाने चांगला, पण त्याला ओरडायला निमित्त लागत नाही. "माका, माका! चिंधीमावशीचा माका! पांढऱ्याचं काळं, बघा समोर हाय!"

झालं. बायका कांदे सोडून इकडे आल्या. कोणी चिंधीची वेणी हातात घेऊन बघितली, कोणी पूड हुंगली. विमलबाईंनी दोन मापं मागितली, दुसरीने तीन. रूपाली पिशव्या भरायला लागली. आईचा ढीग इतक्या झटक्यात खाली जाताना तिने कधी पाहिला नव्हता आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडलंही. कोणी काही विचारतच नव्हतं. मग सांगायचं तरी कशाला?

चिंधीच्या हातातलं माप ढिगात तसंच रुतून राहिलं होतं. रूपालीने आईचा तो चेहरा ओळखला. आता ही बोलणार. बोलली की आजचा बाजार गेला, उद्याचाही गेला. आणि न बोलली तर? ती न बोललेली आई आपल्याला कशी वाटेल, हे तिला कळेना.

"थांबा," चिंधी म्हणाली. "किशोर, गप रं तू. बायांनो, हे केस माक्यानं नाय काळे झाले. कलर हाय. पाकिटातला."

बायका पुडीकडे आणि चिंधीच्या वेणीकडे आळीपाळीने बघायला लागल्या.

"म्हणजे पूड खोटी?" एकजण म्हणाली.

"पूड खरी हाय. केस धुते, मऊ ठेवते. काळं करत नाय. मी कवा तसं म्हणलं का?" तिने रूपालीने भरलेल्या पिशव्या घेतल्या आणि परत ढिगात उपड्या केल्या. "ज्यांना काळं करायला पाहिजे होती, त्यांनी नका नेऊ."

बायका पांगल्या. एकदोघी कुजबुजत, एकजण तर उघड तोंड वाकडं करून गेली. किशोर डोक्याला हात लावून बसला. "मावशी, कोण विचारीत होतं तुला? आं? कोण?"

विमलबाई मात्र उभ्याच होत्या. खाली ठेवलेली पिशवी उचलून त्या म्हणाल्या, "माझी नेहमीची शिकेकाई दे. पुढच्या गल्लीत स्वस्त मिळते, पण मी इथे का येते ते आज कळलं मला." मग त्या रूपालीकडे वळल्या. "हा कलर लावला कोणी?"

"मी लावला, काकू."

"माझ्या टाळूला सोसेल?"

"आधी कानामागं थेंब लावून दोन दिवस बघू. सोसला तरच लावू. नाय सोसला तर मीच नाय लावणार."

"मग ये घरी. रूपाली ना तुझं नाव?"

पाच-सहा बायांनी ते ऐकलं. ढीग संध्याकाळी जवळजवळ होता तसाच गोणीत गेला.

कडावच्या टेंपोत मागच्या बाजूला मायलेकी दाटीने बसल्या. रूपालीला राहवेना.

"आये, तुला तुजा शब्द लई प्यारा हाय, हे मला ठाऊक हाय. पण एक दिवस गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

चिंधीने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू पोरीला साधी गोष्ट कळत नव्हती.

"माज्या शब्दाचं काय गं घेऊन बसलीस? मांडवात समदी इचारीत होती, कुणी केलं, कुणी केलं. मी छाती काढून सांगत होते, माज्या रूपालीनं. आणि हितं बाजारात तुज्या हातचं काम मी माज्या पुडीच्या नावावर खपवू? मी आय हाय का चोर?"

रूपालीला एकदम भरून आलं. ती आईला खेटून बसली. समोरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी बाईने चिंधीच्या केसांकडे बघितलं आणि विचारलं, "छान दिसतात हो तुमचे केस, काय लावता?"

"ही लावते," चिंधी म्हणाली आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला.