जोडकार्डाचं उत्तर

ऐंशीच्या दशकातला एक सोमवार. वसईजवळच्या गिरीजहून सकाळची पहिली एसटी पकडून मी मुंबईला हॉस्पिटलात निघाले होते... एकटीच, आणि चांगलीच चिडलेली.

चिडायचं कारण होतं हॉस्पिटलातून आलेलं कार्ड. 'रुग्णाने स्वतः तपासणीस यावे' आणि 'स्वतः'च्या खाली लाल रेघ! दोन वर्षांपूर्वी माझं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, मग लाइट, म्हणजे किरणांचे शेक, घेतले होते. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं होतं. पहिलं वर्षभर मी गेले... मग सोडून दिलं.

का सोडलं? विचारलं कुणी तर सांगायचे, वाडीत कामं असतात. खरं म्हणजे त्या बाकावर बसवत नव्हतं. प्रत्येक बाईबरोबर कुणीतरी असायचं, थर्मासमधला चहा ओतून द्यायचं... माझ्याबरोबर माझी पिशवी.

नवरा बोटीवर, दहा-दहा महिने घरी नाही; ऑपरेशनपुरता आला आणि परत गेला. मूलबाळ नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि सासरे, संपली यादी.

सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे. केळीची वाडी, रविवारची चर्चमधली मिस्सा आणि विडी, एवढंच त्यांचं जग. मुळातच मोजकं बोलणारा माणूस, माझ्या ऑपरेशननंतर तर तेही आटलं. सून-सासऱ्यांत दुखण्याखुपण्याचं बोलायची रीतच नव्हती, त्यातून दुखणं असल्या ठिकाणचं! मी हॉस्पिटलातून घरी आले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. केळींना पाणी लावायला निघून गेले.

त्यात विहिरीचं निराळंच. मी उठायच्या आत बाबा सगळी भांडी भरून ठेवायचे. एकदा मी दोराला हात घातला तर त्यांनी तो काढूनच घेतला... एक शब्द न बोलता.

गावातल्या काही बायकांनी माझ्या हातचा चहा घेणं तेव्हा बंद केलं होतं. हा रोग लागतो, अशी समजूत. मला वाटलं, झालं, आता घरातही तेच. भांडायला तरी माणूस लागतं हो समोर... मी आपलं स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे आणि रडायचे.

तर त्या सोमवारी सगळा राग मी फॉलोअपच्या खिडकीवर काढला. वर्षभर आले नाही तेव्हा कुणाला आठवण झाली नाही, आणि आता लाल रेघा मारताय? खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईंनी शांतपणे माझी फाइल काढली. म्हणाल्या, "तीन वेळा विचारलं आम्ही. तीनही वेळा उत्तर आलं. पण उत्तर वाचून पेशंट तपासता येतो का, तुम्हीच सांगा."

त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. आजच्या मुलांना जोडकार्ड माहीत नसेल... एका पोस्टकार्डाला दुसरं कोरं कार्ड जोडलेलं असायचं, उत्तरासाठी. अशी तीन उत्तरं फाइलला टाचलेली. जांभळ्या पेन्सिलीचं, गिरवून काढल्यासारखं अक्षर. बाबा केळीच्या करंड्यांवर नाव घालायचे, तेच.

'रा. रा. डॉक्टर साहेबांस सादर प्रणाम. पेशंट घरी आहे. ती बरी आहे. डाव्या हाताने वजन उचलू नये असे आपण सांगितल्याचे मुलाच्या पत्रातून कळले, म्हणून विहिरीवर जाऊ देत नाही. राग करते. करू दे.'

दुसरं... 'पूर्वी दोन भाकऱ्या खात असे, आता एक खाते. खोकला नाही. हात सुजलेला दिसतो, पण मला विचारता येत नाही. आपण विचारावे.'

आणि तिसरं... 'दुपारी दार लावून रडते. तेव्हा मी ओटीवर आवाज न करता बसून असतो. यावर काही गोळी असल्यास पोस्टाने पाठवावी.'

पुढची अक्षरं मला दिसेनात. "वडील छान लिहितात हो तुमचे," बाई म्हणाल्या. सासरे, असं मी म्हटलं बहुतेक.

मग उलगडा झाला. पोस्टमन कार्डं वाडीतच बाबांच्या हातात देत असणार. त्यांना वाटलं, हॉस्पिटलने खुशाली विचारली आहे, खुशाली कळवली की झालं. पेशंटने यायचं आहे हे खाली बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. शेवटचं कार्ड आलं त्या दिवशी ते वसईच्या बाजाराला गेले होते, म्हणून ते माझ्या हाती पडलं.

डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे पाहिला. नवीन काही नव्हतं. हाताचे व्यायाम सांगितले, आणि पुन्हा तपासणी चुकवलीत तर बघा, असा दमही दिला.

घरी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. बाबा ओटीवर केळीची पानं मोजून बांधत होते. वाटेत मी पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं... प्रत्यक्षात एवढंच जमलं, "बाबा, सगळं ठीक आहे म्हणाले. तुमची कार्डं पोचली."

त्यांचा हात थांबला. मग वर न बघताच म्हणाले, "बाय, दुखतं का?"

दोन वर्षं मी सगळ्या गावाला 'काही नाही, बरी आहे' सांगत आले होते. नवऱ्याला पत्रातही तेच लिहिलं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तोंडातून निघालं, "हो बाबा... खूप दुखतं."

ते उठून निघून गेले नाहीत.

एकटेपण काही त्या दिवशी संपलं नाही. पुढच्या तपासण्यांनाही मी एकटीच जात राहिले. पण परत आल्यावर ओटीवर विचारणारं कुणीतरी असायचं, आणि त्याला खरं सांगता यायचं... बाबा गेले त्याला आता कितीतरी वर्षं झाली, त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.