मोरपिशी ढब्बू पैसा

नाणी जमवायच्या नादानं आम्ही तिघं एकत्र आलो. आठ-दहा वर्षांत नाणी जमली मूठभर आणि किस्से पोतंभर! त्यातले थोडेच सांगतो. सगळे सांगितले तर आमची ही मला घरात घेणार नाही.

तिघं म्हणजे नाना, दादा आणि मी. नाना शाळेच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले, आमचे पुढारी. दादा मिरकरवाड्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत. ही पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची हकिकत.

आमचा नाद जरा तिरपागडाच. नाणं किती जुनं, कुठल्या राजाचं, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. आम्हाला हवा रंग! तांब्याचं जुनं नाणं नुसतं बघितलं तर काळपट दिसतं. तेच उन्हात तिरकं धरा. निळा, जांभळा, मधेच तांबूस, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हा रंग येतो कुठून, याचंच आम्हाला वेड. नानांचा नियम एकच: "नाण्याचा भाव विचारू नका. राहायला कुठे होतं ते विचारा!"

* * *

हा नियम मी एकदा नको तिथे पाळला. मालगुंडच्या एका आजींनी खिडकीत सुटे पैसे सरकवले. त्यात चुकून एक जुना पैसा आलेला, कडेनं जांभळा झालेला. माझं भानच हरपलं. मागे ही रांग! आणि मी विचारतोय, "आजी, हा कुठे ठेवला होतात?"

"तिकीट दे."

"देतो हो, पण कापडात की डब्यात?"

आजी कडाडल्या, "अरे मेल्या, मी पैसे कुठे लपवते ते सगळ्या स्टँडला ओरडून सांगू?"

रांगेत हशा पिकला. पैसा आजींनी परत कनवटीला लावला. मला मात्र उत्तर मिळालं होतं!

* * *

दादाची तऱ्हा वेगळी. एकदा दुरुस्त केलेलं इंजिन तपासायला तो होडीच्या मालकाबरोबर समुद्रात गेला. वाटेत त्याला दिसलं, की सायलेन्सरच्या नटाखाली कुणीतरी वॉशर म्हणून भोकाचा पैसा घातलाय. आणि उष्णतेनं तो पैसा निळाजांभळा झालेला! दादानं भर समुद्रात इंजिन बंद केलं आणि पाना काढला.

मालक घाबरला. "काय झाला रे? इंजिन गेला?"

"इंजिन मस्त हाय. हा रंग बघा!"

"आमी हितं लाटांवर डुलतोय, नि तू पैसा बघत बसलास?"

दादानं दुसरा वॉशर लावला, होडी धक्क्याला आणली आणि मजुरी म्हणून तो पैसा मागून घेतला. मालक अजून सांगत फिरतो, दादा कारागीर चांगला, पण डोक्यानं गेलेला.

* * *

मग मला हुक्की आली, की आपणच रंग का चढवू नये? एक पैसा महिनाभर सुक्या बोंबलांच्या डब्यात पुरून ठेवला. रंग काही चढला नाही, वास मात्र असा चढला, की नानांना दाखवायला नेला तेव्हा त्यांच्या मांजरानं पुडीच पळवली. नाना शांतपणे म्हणाले, "चला, कोणाला तरी आवडलं!"

* * *

आता नानांचा मोर. मोर म्हणजे त्यांचा राणीछाप ढब्बू पैसा. उन्हात धरला की असा मोरपिशी निळा, की बघतच राहावं. तीस वर्षं त्यांनी तो बाकीच्या नाण्यांबरोबर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपला. डब्याला हात लावायची वहिनींनाही बंदी, कारण वहिनींच्या हाती तांबं लागलं की आमसूल लावून लखलखीत! पुढे नानांना मोतीबिंदू झाला. मोर नुसता काळा दिसायला लागला. ऑपरेशनला जाताना आम्हाला म्हणाले, "बाकी काही दिसलं नाही तरी चालेल रे. तो निळा तेवढा एकदा दिसायला हवा."

ते घरी यायच्या दिवशी आम्ही सकाळीच त्यांच्याकडे गेलो. देव्हाऱ्यात मोर होता. गुलाबी, चकचकीत, कालच टांकसाळीतून आल्यासारखा!

वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या सगळ्यात जिवाची वस्तू देवापुढे ठेवते, त्यांची नजर येऊ दे, असं बोलले होते. देवापुढे ठेवायची म्हणजे कळकट कशी ठेवणार?"

आम्ही ओटीवर येऊन नानांची वाट बघू लागलो.

नाना आले. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. महिनाभर झटक्यानं उठायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. ओटीवरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आणा माझा मोर."

वहिनींनी तो स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवला. "आठ दिवस देवापुढे होता हो. तुमच्या डोळ्यांसाठी."

नानांनी तो उन्हात तिरका धरला. बराच वेळ बघितला. मग वहिनींकडे बघितलं. दादा माझा दंड घट्ट धरून उभा होता.

"दिसतोय का निळा?" वहिनींनी विचारलं.

"दिसतोय गो!" नाना म्हणाले. "असा कधीच दिसला नव्हता."

वहिनींच्या डोळ्यांना धारा लागल्या. पदरानं डोळे पुसत त्या आनंदानं म्हणाल्या, "मग डब्यातले बाकीचेही घासून टाकते. आमसुलं भिजत घातलीच आहेत!"

नाना ताडकन उठले, माजघरात गेले आणि डब्यावरच जाऊन बसले.